ज्यांनी आपले महाविद्यालय पाहिले नाही
रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांचे जीवन व कार्य



जबलपूर आणि नागपूर ही शहरे आज दोन निराळ्या राज्यांत आहेत. एकाचा व्यवहार हिंदीत चालतो, दुसऱ्याचा मराठीत. परंतु १८६१ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एक शतक, ती एकाच प्रांताची दोन प्रमुख नगरे होती. त्याहीपूर्वी, १७९८ ते १८१७ या काळात, जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. म्हणून नर्मदाकाठच्या शिक्षणाचा इतिहास सांगू लागले की नागपूरचे नाव टाळता येत नाही. जबलपूरचे शासकीय महाविद्यालय १८३६ मध्ये सागरला निघालेल्या शाळेतून वाढले आणि १८७३ मध्ये जबलपुरात आले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच विद्यापीठाला जोडले गेले. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले आणि १९५६ मध्ये जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तेव्हा हा धागा सुटला.

या नागपुरातील सर्वांत जुने महाविद्यालय म्हणजे हिस्लॉप कॉलेज. ते १८८३ मध्ये सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप मात्र त्यापूर्वी वीस वर्षे, १८६३ मध्येच, प्रभूच्या घरी गेले होते. त्यांनी ती इमारत पाहिली नाही, तेथील एकही पदवीधर पाहिला नाही. मग ती संस्था त्यांची, असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो? हा प्रश्न मनात ठेवून आपण त्यांचे चरित्र वाचावे, अशी माझी विनंती आहे.

बालपण आणि पाचारण

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डन्स या लहानशा गावी झाला. मध्ययुगातील थोर ईश्वरविज्ञानवेत्ते जॉन डन्स स्कॉटस यांच्या नावात हेच गाव आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस जबलपूर भोसल्यांच्या हातून इंग्रजांच्या हाती गेले, हा केवळ योगायोग. पण ज्या भूमीशी या बालकाचे आयुष्य जोडले जाणार होते, तिचेही भवितव्य त्याच वर्षी पालटत होते.

स्टीफन यांचे वडील दगडकाम करणारे गवंडी होते आणि आपल्या मंडळीत वडिलाचा हुद्दा सांभाळीत होते. घरात श्रीमंती नव्हती. पवित्र शास्त्र होते, शिस्त होती आणि विद्येचा आदर होता. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढे पाळक झाले आणि ग्रंथकार म्हणून नावाजले. गावच्या शाळेतून स्टीफन एडिंबरो आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत गेले. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेताना त्यांना डॉ. थॉमस चाल्मर्स यांच्यासारखे गुरू लाभले.

तो काळ स्कॉटलंडच्या मंडळीसाठी वादळाचा होता. पाळकाची नेमणूक मंडळीने करायची की जमीनदाराने, या प्रश्नावरून १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळकांनी राजमान्य मंडळी सोडली. त्यांनी पगार सोडला, राहती घरे सोडली, उपासनामंदिरे सोडली आणि डॉ. चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली फ्री चर्चची स्थापना केली. तरुण हिस्लॉप या बाजूने उभे राहिले. पुढील आयुष्यात ते अनेकदा अशा जागी आले की जेथे तडजोड केली असती तर शाळा वाचली असती, सरकार खूष राहिले असते. अशा वेळी त्यांनी जे केले, त्याचे बीज विद्यार्थिदशेतील या घटनेत आहे, असे मला वाटते.

नागपूरची वाट

त्याच सुमारास मद्रास सैन्यातील एका भाविक अधिकाऱ्याने नागपूर येथे मिशनकार्य सुरू व्हावे म्हणून मोठी देणगी देऊ केली. फ्री चर्चपाशी तेव्हा स्वतःची मंदिरेही पुरती नव्हती. तरीही तिने हे काम स्वीकारले आणि हिस्लॉप यांची निवड केली. नवविवाहित पत्नीसह ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचले. नागपूरपर्यंत रेल्वे यायला अजून बावीस वर्षे होती.

त्या वेळचे नागपूर हे भोसल्यांचे संस्थान होते. गादीवर तिसरे रघोजी होते आणि त्यांच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट असे. शहरापासून काही कोसांवर, कामठी येथे, मद्रास सैन्याची मोठी छावणी होती. त्यामुळे हिस्लॉप यांना एकाच वेळी कितीतरी भाषांशी गाठ घालावी लागली. नागपुरात मराठी, बाजारात हिंदुस्थानी, छावणीत तमिळ आणि तेलुगू, आणि आसपासच्या रानावनात गोंडी. त्यांनी सर्वप्रथम मराठीवर मेहनत घेतली. ज्या लोकांना शिकवायचे त्यांच्याच भाषेत त्यांच्याशी बोलायचे, हा क्रम त्यांनी ठरवून घेतला होता.

या प्रदेशात त्यांच्या आधी काही जर्मन बंधू येऊन गेले होते. नर्मदेच्या उगमाजवळ, अमरकंटकच्या बाजूला करंजिया येथे, गोंड लोकांत राहून शेती व सुतारकाम करीत सुवार्ता सांगावी, अशी त्यांची योजना होती. १८४२ मध्ये महामारीने त्यांतील बहुतेकांना काही दिवसांतच नेले आणि वाचलेल्यांनी नागपूरचा रस्ता धरला. हिस्लॉप यांचे कार्य या कबरींच्या पलीकडून सुरू झाले, हे विसरून चालणार नाही. गोंडांविषयी त्यांच्या मनात जी ओढ पुढे दिसते, तिला हीही पार्श्वभूमी आहे.

शाळेची स्थापना आणि सत्त्वपरीक्षा

१८४६ मध्ये हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा उघडली. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषांतून शिक्षण, गणित, भूगोल, निसर्गविज्ञान आणि पवित्र शास्त्राचा रोजचा पाठ, असे तिचे स्वरूप होते. १८४७ मध्ये रेव्ह. रॉबर्ट हंटर हे विद्वान सहकारी येऊन मिळाले. मुलींना शिकवण्याच्या कामाकडेही या कुटुंबाने लक्ष दिले. नागपुरात तेव्हा विद्यापीठ तर दूरच, पाश्चात्त्य पद्धतीचे उच्च शिक्षण देणारी दुसरी संस्थाही नव्हती.

आरंभीच्या वर्षांतच परीक्षेचा प्रसंग आला. बाबा पांडुरंग नावाच्या एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ताला अनुसरण्याचा निश्चय प्रकट केला. संस्थानच्या राजाने आपला प्रजाजन म्हणून त्याला ताब्यात मागितले. इंग्रज सरकार आणि भोसले यांच्यातील तहाचा आधार पुढे करण्यात आला आणि रेसिडेन्सीने त्या तरुणाला राजाच्या हाती जाऊ दिले. त्याला कैद झाली.

वाचकहो, या प्रसंगाकडे आपण घाईने पाहू नये. मुंबईत १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा शाळा एकाएकी ओस पडली होती. त्यामुळे विद्यार्थ्याच्या धर्मांतराने शाळेवर काय ओढवते, हे हिस्लॉप यांना पुरते ठाऊक होते. राजाच्या बाजूनेही पाहता येते. आपल्या राज्यात परक्या धर्माचे शिक्षक येतात आणि प्रतिष्ठित घरची मुले त्यांच्याकडे ओढली जातात, याची त्याला भीती वाटणे स्वाभाविक होते. आणि त्या मुलाचे आईबाप? त्यांच्या दुःखाची नोंद कोणी ठेवलेली नाही, पण ते नव्हते असे कोण म्हणेल?

हिस्लॉप यांच्यापुढे दोन मार्ग होते. त्या तरुणाला थांबायला सांगावे, शाळा मोठी होऊ द्यावी आणि मग पुढचे पाहावे, हा एक. त्याची विवेकबुद्धी जे सांगते त्याच्या पाठीशी उभे राहावे आणि शाळेचे काय व्हायचे ते देवावर सोपवावे, हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. ज्याला विचार करायला शिकवले, त्याने विचाराअंती काही ठरवले तर त्याला सोडून द्यायचे नाही, ही त्यामागची भूमिका होती. आपण त्यांच्याशी सहमत असा वा नसा, यात शिक्षकाचे इमान होते हे मान्य करावे लागते.

शाळा टिकली. ख्रिस्ताला अनुसरणारे मात्र मोजकेच राहिले. हिस्लॉप यांनी नागपुरात अठरा वर्षांच्या आसपास सेवा केली. त्या मानाने त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांची यादी लहान आहे. संख्येवरून सेवेचे मोल ठरवणाऱ्यांना हे चरित्र अवघड वाटेल.

दगडांचे वाचन

दगडकाम करणाऱ्या गवंड्याचा हा मुलगा पुढे दगड वाचणारा झाला. खेडोपाडी सुवार्तेसाठी हिंडताना हिस्लॉप आणि हंटर यांची नजर जमिनीवरही असे. नाल्याच्या काठी उघडे पडलेले थर, खाणीतून निघालेले तुकडे, त्यांवर उमटलेली पानांची आणि शिंपल्यांची रूपे ते जमा करीत आणि टिपून ठेवीत. नागपूरजवळ टाकळी येथे ज्वालामुखीच्या दोन थरांमध्ये सापडलेली फळे, बिया व गोड्या पाण्यातील शंख, कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मातील वनस्पतींचे ठसे, अशा अनेक वस्तू त्यांच्या संग्रहात आल्या. दक्षिणेकडील मांगली या गावी एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा.

जबलपूरच्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. नर्मदेवरील लम्हेटा घाट आपण सर्व जाणतो. त्या घाटावरून तेथील खडकाच्या थराला भूशास्त्रात लमेटा हे नाव मिळाले आहे. जबलपूरच्या टेकड्यांत १८२८ मध्ये स्लीमन यांना महाकाय सरीसृपांची हाडे सापडली, ती याच थरातली. तोच थर दक्षिणेला वरोऱ्याजवळ पिजदुरा येथे पुन्हा वर येतो, आणि तेथील हाडांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम हिस्लॉप यांनी वेधले. राज्यांच्या सीमा वर बदलत राहिल्या. खाली जमीन एकच होती.

हिस्लॉप यांचे लेख लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले. एका खनिजाला त्यांचे नाव मिळाले. गोड्या पाण्यातील एका अतिसूक्ष्म प्राण्याच्या जातीलाही, मुंबईचे कार्टर यांनी १८५८ मध्ये, हिस्लॉपिया असे नाव दिले. हा मान त्यांनी मागितला नव्हता.

पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. परदेशातून आलेला शिक्षक सहसा आपल्या देशाचे ज्ञान घेऊन येतो आणि ते वाटतो. येथील जमिनीत काही शिकण्यासारखे आहे, असे त्याला क्वचितच वाटते. हिस्लॉप यांनी नागपूर परिसराकडे विद्यार्थ्याच्या नम्रतेने पाहिले. सृष्टी ही देवाची करणी आहे असे जो मानतो, त्याने ती नीट पाहावी, मोजावी आणि जे दिसेल ते प्रामाणिकपणे लिहावे, हे त्यांच्या जीवनात उपासनेहून वेगळे नव्हते. त्यांच्या काळी भूशास्त्राच्या शोधांनी अनेक विश्वासणारे अस्वस्थ झाले होते. हिस्लॉप हातोडी आणि पवित्र शास्त्र दोन्ही बरोबर घेऊन शांतपणे फिरत राहिले.

लिंगोचे गीत

दगडांहूनही मोलाचे असे एक काम त्यांच्या हातून झाले. मध्य भारतातील गोंड समाज हा एके काळी राज्यकर्त्यांचा समाज. गढा-मंडल्याचे राज्य, राणी दुर्गावती, जबलपूरचा मदनमहाल ही नावे आजही त्याची साक्ष देतात. जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ पासून याच राणीचे नाव आहे. हिस्लॉप यांच्या काळी मात्र हा समाज डोंगरांत ढकलला गेला होता. त्याच्या भाषेला लिपी नव्हती आणि त्याची परंपरा प्रधान नावाच्या गायकांच्या कंठात राहत होती.

हिस्लॉप यांनी एका प्रधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत ऐकून घेतले. लिंगो हा गोंडांचा आद्य पुरुष. गुहेत कोंडलेल्या आपल्या लोकांना तो मुक्त करतो, त्यांना राहणी आणि पूजाविधी शिकवतो, त्यांची कुळे लावून देतो. हे सारे गीत त्यांनी मूळ गोंडी शब्दांत, जसे कानी पडले तसे लिहून काढले. शेजारच्या अनेक जमातींचे शब्द समोरासमोर मांडून त्यांनी तक्तेही तयार केले.

ज्याने न लिहिलेल्या भाषेत काम केले आहे, त्याला या कष्टाची कल्पना येईल. भाषांतराच्या माझ्या कामात मला वारंवार जाणवते की ऐकणे हेच अर्धे भाषांतर असते. ज्या ध्वनीसाठी आपल्याकडे अक्षर नाही तो कान गाळून टाकू पाहतो. जो शब्द समजला नाही तेथे मन आपलाच शब्द घालू पाहते. गाणारा थांबत नाही आणि थांबवले तर त्याची लय तुटते. अशा वेळी पुन्हा विचारायचे, पुन्हा ऐकायचे आणि आपल्याला न पटणारी गोष्टही वगळायची नाही, हे संयमाचे काम आहे. लिंगोची कथा ही ख्रिस्ती शिकवण नव्हती. तिच्यात अनेक देव होते. तरीही हिस्लॉप यांनी ती जपली, कारण ज्या माणसाला काही सांगायचे त्याने आजवर स्वतःला काय सांगितले आहे हे आधी ऐकले पाहिजे. पन्नासाव्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, असे आपण मानतो. त्याच विश्वासातून दुसऱ्याच्या भाषेचा असा आदर उपजतो.

हे कागद त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून नागपुरात प्रसिद्ध केले. १८९० मध्ये मंडल्याकडे सेवा करणारे रेव्ह. विल्यमसन यांचे गोंडी व्याकरण व शब्दसंग्रह निघाला. गोंडी भाषेच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासकांना आजही हिस्लॉप यांच्या नोंदींपर्यंत मागे जावे लागते.

सत्तावन्न आणि त्यानंतर

१८५३ मध्ये रघोजी निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. १८५७ च्या जून महिन्यात नागपुरातही उठावाची तयारी झाली. एका मुस्लिम परिचिताने हिस्लॉप यांना आधीच सावध केले आणि त्यांनी ती बातमी अधिकाऱ्यांना दिली. आज स्वतंत्र भारतात हे वाचताना आपल्या मनात संमिश्र भावना येतात, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. हिस्लॉप परक्या सत्तेच्या काळातील परके गृहस्थ होते. पण भिन्न धर्माच्या एका माणसाला आपला जीव धोक्यात घालून त्यांना वाचवावेसे वाटले, हीही त्यांच्या बारा वर्षांच्या सहवासाची एक पावती होती.

त्याच हिस्लॉप यांनी पुढे सरकारलाही सोडले नाही. नागपूरच्या कारभारातील ढिलाई आणि रयतेचे हाल यांविषयी त्यांनी श्रीरामपूरहून निघणाऱ्या फ्रेंड ऑफ इंडिया या पत्रात निर्भीडपणे लिहिले. त्या लिखाणाचा प्रभाव गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्यावर पडला. नोव्हेंबर १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला, त्यामागच्या कारणांत या लेखणीचाही वाटा होता. नागपूर आणि जबलपूर एका प्रांतात आले ते असे. १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल प्रांताचे मुख्य आयुक्त होऊन आले. नव्या प्रांतात शिक्षणखाते उभे राहिले आणि टेंपल यांना या प्रदेशाची माहिती देणारा हिस्लॉप यांच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

बोरीची शाळा

१८६३ च्या सप्टेंबर महिन्यात टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस, टाकळघाटच्या परिसरात होता. तेथे मोठमोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. ती कोणी आणि का रचली, हे शोधण्यासाठी हिस्लॉपही बरोबर होते. ४ सप्टेंबर रोजी दिवसभर खोदकाम आणि निरीक्षण झाले. संध्याकाळी मंडळी तळाकडे परतली. हिस्लॉप मात्र मागे राहिले, कारण जवळच बोरी गावात एक शाळा होती आणि तिची तपासणी करायची होती.

ती आटोपून ते घोड्यावरून एकटेच निघाले. वाटेत एक नाला होता. पावसाळ्याचे दिवस, दरम्यान पाणी चढले होते. अंधारात त्यांना त्याचा अंदाज आला नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा घोडा स्वाराशिवाय तळावर आला, तेव्हा सर्वांच्या मनात धस्स झाले. टेंपल यांनी तातडीने माणसे पाठवली. मशालींच्या उजेडात शोध झाला आणि पाण्यातून त्यांचा देह काढण्यात आला. शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. नागपुरातच त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्या दिवसाची पानेही नंतर उलगडली. १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा येथे शास्त्रीय उत्खनन झाले. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची, लोखंड वापरणारी वस्ती उजेडात आली. हे उत्खनन केले ते नागपूर विद्यापीठाने. जो शोध एका संध्याकाळी तुटला होता, तो शंभर वर्षांनी याच भूमीतील विद्वानांनी पुढे नेला.

शाळेचे महाविद्यालय

हिस्लॉप यांच्यानंतर सहकाऱ्यांनी शाळा चालू ठेवली. १८८३ मध्ये तिला महाविद्यालयाचे वर्ग जोडले गेले आणि संस्थापकाचे नाव देण्यात आले. जवळ विद्यापीठ नसल्यामुळे आरंभी हे महाविद्यालय दूरच्या कलकत्ता विद्यापीठाला, पुढे अलाहाबादला आणि १९२३ नंतर नागपूर विद्यापीठाला संलग्न झाले. शहरातील दुसरे जुने महाविद्यालय, मॉरिस कॉलेज, १८८५ मध्ये निघाले. त्यापूर्वी पदवी घ्यायची तर नागपूरच्या तरुणाला दूरच्या शहरी जावे लागे, आणि ते पैशाने व प्रवासाने थोड्यांनाच शक्य होते. गावातच दार उघडले तेव्हा कारकुनाच्या, शिक्षकाच्या, लहान शेतकऱ्याच्या मुलालाही आत येता आले. स्थानिक महाविद्यालयाचे हेच खरे कार्य असते.

विसाव्या शतकात डॉ. डेव्हिड मोझेस यांच्यासारखे भारतीय प्राचार्य या संस्थेला लाभले; १९६१ मध्ये नवी दिल्ली येथील अधिवेशनात जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेच्या अध्यक्षमंडळावर त्यांची निवड झाली. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हेही या महाविद्यालयाचे विद्यार्थी. आज ते नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात उभे आहे, आणि ज्या रस्त्यावर ते आहे त्याचे नाव टेंपल रोड.

आपल्यासाठी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दावीद राजाने मंदिरासाठी सोने, लाकूड आणि दगड जमवले, पण मंदिर बांधले ते शलमोनाने. हिस्लॉप यांच्या बाबतीत असेच म्हणता येईल. मात्र त्यांनी जमवलेले साहित्य वेगळे होते. ज्या भूमीत शिकवायचे ती भूमी जाणून घेणे, ज्यांना शिकवायचे त्यांची भाषा कानांत साठवणे, विद्यार्थ्याच्या विवेकाशी प्रामाणिक राहणे आणि सत्तेसमोर खरे बोलणे, हे ते साहित्य. इमारत नंतर आली.

आज देशभर ख्रिस्ती शिक्षणसंस्था पुष्कळ आहेत. जबलपुरात तर पाळकांच्या शिक्षणासाठी १९२३ पासून लिओनार्ड ईश्वरविज्ञान महाविद्यालय आहे, मुलींच्या शिक्षणासाठी हवाबाग महाविद्यालय आहे. या संस्थांविषयी आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यही आहे. परंतु प्रवेशाच्या दिवसांत दारापुढे लागलेली रांग ही संस्थेची एकमेव कसोटी होऊ पाहते, तेव्हा मला बोरीची शाळा आठवते. इंग्रजी उत्तम शिकवणाऱ्या आपल्या शाळेत गोंड किंवा कोरकू घरातून आलेल्या मुलाला स्वतःच्या बोलीची लाज वाटू लागते का? शहराच्या कडेला राहणाऱ्या, ज्याच्या घरात प्रथमच पुस्तक आले आहे, अशा मुलासाठी आपल्या वर्गात जागा असते का? आपल्या शिक्षकांना आपल्या जिल्ह्याचा इतिहास आणि भूगोल ठाऊक असतो का? मंडळीच्या सभांतून संस्थांच्या मालमत्तेची चर्चा पुष्कळ होते; हे प्रश्न किती वेळा विचारले जातात, हे आपणच पाहावे.

मुख्य आयुक्तांच्या तळावर त्या संध्याकाळी हिस्लॉप यांची वाट पाहिली जात होती. प्रांताच्या शिक्षणाविषयी बोलायला त्याहून मोठे ठिकाण नव्हते. पण बोरीच्या मुलांनी पाटीवर काय लिहिले आहे, ते आधी पाहायचे होते. त्यांनी तपासलेली शेवटची शाळा ती. त्या मुलांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. हिस्लॉप यांना मात्र त्यांच्यासाठी थांबणे आवश्यक वाटले.

प्रभू आपल्या संस्थांना असे थांबणारे शिक्षक देवो.